रात्रभर धुमसणारी भट्टी: मुळशीतल्या एका वसतिगृहात क्रिओसोट का साचलं आणि ते कसं आटोक्यात आणलं

पार्श्वभूमी

पौड रस्त्याने पुणं मागे टाकून मुळशी तालुक्यात शिरलं की पावसाचं मान झपाट्याने बदलतं. शहरात वर्षाला साधारण सातशे मिलिमीटर पाऊस पडतो, ताम्हिणीच्या बाजूला त्याच्या कित्येक पट. या पट्ट्यातल्या एका निवासी शाळेच्या वसतिगृहात १२० मुलं राहतात आणि त्यांच्या आंघोळीचं पाणी लाकडावर तापतं. त्या भट्टीच्या चिमणीत क्रिओसोट, म्हणजे धुरातून बसणारं डांबर, कसं साचलं त्याची ही नोंद. संस्थेचं आणि गावाचं नाव इथे मुद्दाम गाळलं आहे.

भट्टी इमारतीच्या मागे, पत्र्याच्या शेडमध्ये आहे. मधोमध जळणाची मोठी खोली, तिच्या चारी बाजूंनी १,२०० लिटर पाण्याचं जॅकेट, खाली बिडाची जाळी, बाजूला आगीला हवा देणारा छोटा ब्लोअर. क्षमता तासाला ६०,००० किलोकॅलरी (एक किलोकॅलरी म्हणजे एक लिटर पाणी एक अंश तापवायला लागणारी उष्णता). पाणी ७५ अंश सेल्सिअसला पोचलं की थर्मोस्टॅट ब्लोअर बंद करतो, ६० अंशांवर उतरलं की पुन्हा सुरू करतो. जॅकेटला वरून उघडा व्हेंट पाइप आहे, त्यामुळे दाब साठत नाही. धूर १५० मिलिमीटर व्यासाच्या साध्या लोखंडी पाइपातून बाहेर जातो. शेडच्या पत्र्याला भोक पाडायचं नव्हतं, म्हणून भट्टी बसवणाऱ्याने हा पाइप अडीच मीटर आडवा नेला आणि दोन एल्बो (काटकोनी जोड) घालून शेडबाहेर पाच मीटर वर चढवला.

भट्टी उन्हाळ्यात बसवली. मे अखेरपर्यंत तिची एकही तक्रार नव्हती.

जळण घालणारे मामा अनुभवी होते. त्यांची पद्धत सोपी आणि वरकरणी शहाणपणाची: रात्री नऊला तोंडापर्यंत ओंडके भरायचे, दार लावायचं, पहाटे पाचला मुलं उठतात तोवर पाणी कढत. व्यवस्थापकांना ते सांगत, "सर, एकदा भरला की सकाळपर्यंत बघायला नको." त्या एका सोयीतच पुढच्या सगळ्या त्रासाचं मूळ होतं.

अडचण कशी वाढत गेली

जूनमध्ये वखारीतून येणारं लाकूड बदललं. पावसाळ्याच्या तोंडावर पुण्यात आणि आसपास झाडांच्या फांद्या छाटल्या जातात, वळवाच्या वाऱ्यात झाडं पडतात. गुलमोहर, रेनट्री, सुबाभूळ यांचं ओलं लाकूड तेव्हा स्वस्तात मिळतं. वसतिगृहाने तीन टन घेतलं. ते उघड्यावर रचलं आणि वरून ताडपत्री जमिनीपर्यंत ओढून दोरीने आवळली.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात भट्टीच्या आतून थेंब गळताना दिसले. राखेत तांबूस पाणी साचायचं. जॅकेट फुटलं असा सगळ्यांचा समज झाला आणि वेल्डरला बोलावलं गेलं. त्याने वेल्डिंग करण्याआधी एक साधी चाचणी घेतली आणि ती या प्रकरणातली सर्वांत मोलाची ठरली. आग विझवून आतली भिंत फडक्याने कोरडी केली, जॅकेट पूर्ण भरलं आणि रात्रभर तसंच ठेवलं. सकाळी आत एक थेंब नव्हता. म्हणजे जॅकेट शाबूत होतं. धुरातली वाफ थंड भिंतीवर पाणी होऊन ओघळत होती. वेल्डर "घाम येतोय" म्हणाला आणि गेला. तो घाम का येतो, हे मात्र तेव्हा कुणी विचारलं नाही.

त्यानंतर दार उघडलं की धूर तोंडावर येऊ लागला. चिमणीची धूर वर खेचायची ओढ कमी पडते असं वाटून चिमणीला आणखी तीन मीटर साधा पाइप जोडला. दोन-तीन दिवस बरं वाटलं, मग धूर पूर्वीपेक्षा जास्त. शेडबाहेरच्या एल्बोच्या सांध्यातून काळा-तपकिरी द्रव भिंतीवर ओघळू लागला. त्याला धुरकट, आंबूस वास होता आणि हाताला लागला तर साबणाने निघत नव्हता.

जुलैच्या शेवटच्या आठवड्यात चिमणी उतरवून साफ केली. आडव्या पाइपातून दोन बादल्या डांबरासारखा माल निघाला. सगळ्यांना हायसं वाटलं. तीन आठवड्यांत पाइप पुन्हा निम्मा भरला.

ऑगस्टच्या मध्यावर एका पहाटे मामांनी पाणी लवकर तापावं म्हणून दार किंचित उघडं ठेवून पॅकिंगच्या पेट्यांच्या सुक्या फळ्या टाकल्या. काही मिनिटांत चिमणीतून घोंघावणारा आवाज सुरू झाला. पहिल्या एल्बोपर्यंतचा पाइप लालभडक झाला आणि टोकातून ठिणग्या उडू लागल्या. आत साचलेलं क्रिओसोट पेटलं होतं. मामांनी दार घट्ट लावलं, ब्लोअर बंद केला, हवेची झडप मिटली आणि मुलांना त्या बाजूला येऊ दिलं नाही. यातलं प्रत्येक पाऊल बरोबर होतं. चिमणीत पाणी ओतायचा मोह त्यांनी टाळला. लाल पाइपावर पाणी पडलं की तो तडकतो आणि वाफेचा लोट दारातून अंगावर येतो. पाण्याचा पंप मात्र त्यांनी घाईत बंद केला. तो चालू राहायला हवा होता, नाहीतर जॅकेटमधलं पाणी एकाच जागी उकळतं. आग वीसेक मिनिटांत आपोआप शांत झाली. शेडच्या कडेची ताडपत्री वितळली, एक सांधा वाकडा झाला, इजा कुणाला झाली नाही. तरी अशा वेळी आग विझायची वाट बघत न बसता अग्निशमन दलाच्या १०१ला फोन लावायलाच हवा.

तपासणीत काय आढळलं

क्रिओसोट तयार होण्याची रीत समजून घेतली की पुढचं सगळं उलगडतं. लाकूड तापलं की त्यातून वायू आणि डांबराची वाफ निघते. आग पुरेशी गरम असेल आणि हवा मिळत असेल तर ही वाफ ज्वाळेतच जळून जाते. आग धुमसत असेल तर ती न जळता धुरातून वर जाते, आणि पाइपाचा किंवा भट्टीचा पृष्ठभाग साधारण १२० अंशांच्या खाली असेल तिथे चिकटते. सुरुवातीला भुरभुरीत काजळी, मग कुरकुरीत पापुद्रे, शेवटी काचेसारखा चकचकीत काळा थर. पहिले दोन प्रकार ब्रशने निघतात. तिसरा ब्रशला दाद देत नाही, आणि पेटला तर चिमणीतलं तापमान हजार अंशांच्या पुढे जाऊ शकतं. वसतिगृहाच्या आडव्या पाइपात तिसरा प्रकार होता, ठिकठिकाणी १० ते १२ मिलिमीटर जाड. थर ३ मिलिमीटर झाला की चिमणी साफ करायचीच, ६ मिलिमीटर म्हणजे धोका दारात, असा सर्वमान्य संकेत आहे.

पहिली तपासणी लाकडाची. ओलावा मोजायचं दोन सुयांचं मीटर पुण्यात सहज मिळतं, पण ते वापरण्यात बहुतेक जण चुकतात. ओंडक्याच्या बाहेरच्या बाजूला सुया टोचल्या तेव्हा १९ टक्के दिसले आणि "लाकूड सुकंच आहे" असा निष्कर्ष निघाला. तोच ओंडका कुऱ्हाडीने मधोमध फोडला, ताज्या पृष्ठभागावर, तंतूंच्या दिशेने सुया खुपसल्या, तर ३८. साल आणि वरचा अर्धा इंच वाळलेला, आतला गाभा ओला. हे मीटर सुक्या लाकडाच्या वजनावर टक्केवारी दाखवतं. ३८चा अर्थ, १०० किलो जळणात साडेसत्तावीस किलो पाणी.

रोज सुमारे ११० किलो लाकूड लागत होतं. त्यात ३० किलो पाणी, आणि ते तापवून वाफ करायला साधारण १८,५०० किलोकॅलरी. ही उष्णता आंघोळीच्या पाण्याला न लागता चिमणीतून बाहेर जात होती.

दुसरी तपासणी गरजेची, जी भट्टी घेण्याआधी व्हायला हवी होती. १२० मुलं, प्रत्येकी २० लिटर, पावसाळ्यात २२ अंशांचं पाणी ४० अंशांना न्यायचं: २,४०० लिटर गुणिले १८, म्हणजे ४३,२०० किलोकॅलरी. स्वयंपाकघरात भांडी धुवायला ४०० लिटर, त्याला १२,०००. साठवणीतली उष्णतेची गळती धरून दिवसाची गरज ६३,०००च्या आसपास. तासाला ६०,००० देणारी भट्टी हे काम दीड-दोन तासांत उरकू शकते. तिला मात्र रात्रीचे आठ तास पेटती ठेवली जात होती, जेव्हा कुणी एक तांब्याही पाणी घेत नव्हतं.

मग रात्रभर भट्टी काय करत होती? हे बघायला चिमणीत, भट्टीपासून ४५ सेंटिमीटरवर, तापमान मोजणारा थर्मोकपल बसवला आणि एक रात्र आकडे लिहून काढले. साडेदहापर्यंत पाणी ७५ अंशांना पोचलं आणि ब्लोअर थांबला. त्यानंतर पहाटेपर्यंत तो तासातून पाचेक मिनिटं चालत होता. उरलेल्या वेळात ऐंशी किलो ओलं लाकूड जवळपास हवेविना धुमसत होतं. धुराचं तापमान ७० ते ९० अंश. चिमणीच्या टोकाशी ते ४५वर उतरलं होतं. डांबर गाळायची भट्टी मुद्दाम बांधली असती तरी याहून वेगळी बांधता आली नसती.

तिसरी गोष्ट परतीच्या पाण्याची. आंघोळीचं पाणी थेट जॅकेटमधून काढलं जात होतं आणि तेवढंच बोअरचं गार पाणी जॅकेटमध्ये शिरत होतं. पहाटे सहाला जॅकेटची खालची भिंत ३५ ते ४० अंशांवर यायची. ओल्या लाकडाच्या धुरातली वाफ ५० ते ६० अंशांखालच्या पृष्ठभागावर पाणी होते. जुलैतला "घाम" तो हाच. या पाण्यात ॲसिटिक आम्ल असतं, ते लोखंड खातं. शिवाय बोअरच्या पाण्याचा क्षार रोज नव्याने जॅकेटमध्ये जमत होता, ते वेगळंच.

चौथी, पाइप जोडण्याची. वरच्या पाइपाचं तोंड खालच्या पाइपाच्या आत बसायला हवं, म्हणजे ओघळ आतल्या आत परत भट्टीत जातो. इथे उलटं जोडलं होतं, वरचा पाइप खालच्यावर टोपीसारखा. पावसाचं पाणी आत येऊ नये हा त्यामागचा विचार. पावसाची सोय टोकावरच्या टोपीने करायची असते. सांधा उलटा असल्यामुळेच काळा द्रव भिंतीवर आला.

कोणते पर्याय तोलले

लाकूड सोडूनच द्यावं का, हा पहिला प्रश्न. उन्हावर पाणी तापवणाऱ्या सोलरचा विचार गांभीर्याने झाला. पुण्यात ऑक्टोबर ते मे ऊन चांगलं असतं आणि छतावर जागा होती. अडचण अशी की जून ते सप्टेंबर मुळशीत आभाळ उघडत नाही, आणि लाकडाचा त्रास नेमका त्याच चार महिन्यांत. सोलर बसवलं तरी पावसाळ्यात भट्टी लागणारच. म्हणून सोलर पुढच्या टप्प्यावर ठेवलं, पण साठवण टाकी घेताना तिला सोलरची जोडणी देता येईल असे दोन जादा सॉकेट वेल्ड करून घेतले. विजेवर पाणी तापवणाऱ्या हीट पंपचा खर्च आणि गावातला विजेचा लपंडाव पाहता तो मागे पडला. गॅस परवडत नव्हता.

दर पंधरा दिवसांनी चिमणी साफ करत राहायचं, हा सर्वांत स्वस्त पर्याय आणि वसतिगृहाच्या समितीतल्या काहींचा तोच आग्रह होता. तो नाकारण्याचं कारण सरळ आहे. तीन आठवड्यांत पाइप निम्मा भरत असेल तर सफाईची एक पाळी चुकली की पुन्हा आगीची तयारी. शिवाय डांबर जॅकेटच्या भिंतीवरही बसतं, तिथे ब्रश पोचत नाही.

कुणी आगीत खडेमीठ टाकायला सुचवलं, कुणी बटाट्याची सालं. मिठाने चकचकीत थर सुटत नाही, उलट क्लोराइडमुळे पत्रा गंजतो. क्रिओसोट भुसभुशीत करणाऱ्या पावडरी बाजारात असतात. त्या पापुद्र्यांवर काही अंशी काम करतात, पण ओलं लाकूड आणि धुमसती आग तशीच ठेवून पावडरीवर विसंबणं म्हणजे नळ चालू ठेवून फरशी पुसणं.

बाभळीत डिंक असतो म्हणून बाभूळ बंद करा, अशीही सूचना आली. ती साफ चुकीची. जड, संथ जळणारी, नीट वाळलेली बाभूळ हे या भागातलं सर्वांत चांगलं जळण आहे. डांबराचं प्रमाण लाकडाच्या जातीपेक्षा ओलावा आणि आगीचं तापमान ठरवतं. चाकण-भोसरीकडून येणाऱ्या पॅकिंगच्या पाइनच्या फळ्या राळेच्या असल्या तरी सुक्या असतात, पेटवायला उत्तम. पण प्लायवूड, रंगवलेलं किंवा औषध मारलेलं लाकूड भट्टीत नको. खिळे राखेत जाळी अडवतात.

भुशाच्या ब्रिकेट, म्हणजे पांढरा कोळसा, हा पर्याय अर्धा स्वीकारला. त्या कारखान्यातूनच कोरड्या येतात, पण मुळशीच्या हवेत उघड्या राहिल्या की दमट होऊन भुगा होतात. म्हणून त्या बंद पत्र्याच्या पेटीत, फक्त सलग पावसाच्या आठवड्यांसाठी.

शेवटी निवडलेला मार्ग असा: भट्टी तीच, पण ती रोज एकदाच, पूर्ण जोरात, थोडा वेळ जाळायची. रात्रीची उष्णता लाकडात राखून ठेवण्याऐवजी पाण्यात साठवायची.

काय केलं

क्रम महत्त्वाचा होता. चिमणीत थर असताना भट्टी जोरात पेटवून "जाळून साफ" करायचा प्रस्ताव आला होता. तशाच जोराच्या जाळातून ऑगस्टची आग लागली होती. म्हणून आधी जुनी चिमणी पूर्ण उतरवली. आग लागून गेलेला पाइप वरून धड दिसला तरी सांधे उकललेले असतात, तो पुन्हा वापरला नाही. खरवडलेला माल झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात भरला, शेतात किंवा गटारात टाकला नाही. काम करणाऱ्यांना रबरी हातमोजे, चष्मा आणि मास्क दिले, कारण हा पदार्थ त्वचेला भाजतो आणि कर्करोगकारकही आहे.

नवी चिमणी शेडच्या पत्र्याला भोक पाडून सरळ वर नेली, एकही एल्बो नाही. आतला पाइप १५० मिलिमीटरचा, ३१६ ग्रेड स्टेनलेसचा. त्यावर ५० मिलिमीटर सिरॅमिक वूल, बाहेरून जीआय (जस्त चढवलेल्या) पत्र्याचं आवरण. शेडचा पत्रा आणि हे आवरण यांत ५० मिलिमीटर मोकळी जागा, वर कॉलर. तळाशी टी (इंग्रजी T आकाराचा जोड), टीला खाली उघडता येणारी टोपी, म्हणजे शिडी न लावता दर आठवड्याला आत बघता येतं. टोक वसतिगृहाच्या छपरापेक्षा वर, तीन बाजूंनी तारेचे ताण, माथ्यावर पावसाची टोपी. टोपीला बारीक जाळी लावायची नाही, सर्वांत आधी तीच डांबराने बुजते.

भट्टीत खालच्या नऊ इंचांपर्यंत तीन बाजूंनी फायरब्रिक फायरक्लेमध्ये बसवल्या. आगीभोवतीची भिंत ७० अंशांची असेल तर ज्वाला गार पडते. विटा तापून लाल झाल्या की तीच भिंत जळायला मदत करते. शिवाय खोली लहान झाल्यामुळे तोंडापर्यंत भरायचा मोहही कमी झाला. दाराची फट बुजवणारी दोरी बदलली, ॲस्बेस्टॉसऐवजी ग्लास फायबरची. ब्लोअरच्या हवेला दोन वाटा दिल्या, एक जाळीखालून, दुसरी आगीच्या वरून, वायू जाळण्यासाठी.

२,००० लिटरची साठवण टाकी बसवली, बाहेरून १०० मिलिमीटर ग्लास वूल. भट्टी आणि टाकीतलं पाणी पंपाने फिरतं, तेच तेच पाणी, त्यामुळे नवा क्षार येत नाही. आंघोळीचं पाणी वेगळ्या प्लेट हीट एक्स्चेंजरमधून, म्हणजे टाकीच्या पाण्यात न मिसळता फक्त त्याची उष्णता घेऊन, तापतं. टाकी ८० अंशांवरून ४५वर येईपर्यंत ७०,००० किलोकॅलरी मिळतात, पावसाळ्यातल्या दिवसाला पुरेशा. भट्टी आणि टाकी यांच्यामध्ये थ्री-वे मिक्सिंग व्हॉल्व्ह आहे. भट्टीत परतणारं पाणी ६० अंशांच्या खाली असेल तर तो भट्टीचंच गरम पाणी त्यात मिसळतो. टाकी, एक्स्चेंजर, पंप आणि व्हॉल्व्ह यांचा खर्च चिमणीच्या सुमारे तिप्पट झाला. समितीचा खरा वाद इथेच झाला. फक्त चिमणी बदलून भागेल असं निम्म्या जणांना वाटत होतं. रात्रीच्या थर्मोकपलच्या आकड्यांनी तो वाद मिटवला. ७० अंशांचा धूर कितीही चांगल्या चिमणीत घातला तरी तो डांबरच सोडणार.

लाकडाचा बंदोबस्त जानेवारीतच सुरू झाला. दिवसाला ४५ किलो, पावसाचे १२० दिवस, म्हणजे साडेपाच टन, आणि थोडं वरकड. बाभूळ आणि सुबाभूळ ८ ते १० सेंटिमीटर जाडीच्या ढलप्यांत फोडून घेतली. फोडलेलं लाकूड सालीच्या ओंडक्यापेक्षा कितीतरी लवकर वाळतं, आणि मार्च ते मे पुण्याची कोरडी हवा ते काम फुकट करते. रास विटांवर, जमिनीपासून १५ सेंटिमीटर वर. माथ्यावर पत्रा. पावसाळी वारा नैऋत्य-पश्चिमेकडून येतो, म्हणून ती बाजू पत्र्याने बंद, पूर्व आणि उत्तर उघड्या. ताडपत्री जमिनीपर्यंत आवळली की लाकूड आतल्या आत वाफेत शिजतं आणि बुरशी धरतं, म्हणून ती पद्धत बंद. तीन दिवसांचं जळण शेडमध्ये, भट्टीपासून किमान एक मीटर दूर.

जाळायची पद्धत मामांबरोबर बसून ठरवली आणि शेडमध्ये पाटीवर लिहिली. दुपारी तीनला पेटवण. आधी सुक्या पाइनच्या चिरफळ्या आणि बोटभर जाडीच्या काटक्या, दार किंचित उघडं, चिमणीचा आकडा १५० पार होईपर्यंत. मग १० किलो ढलप्या. पुढची भर निखारे लाल असताना, ज्वाळा उतरू लागल्यावर, पुन्हा १० किलो. धूर १८० ते २५० अंशांत राहिला पाहिजे. १५०च्या खाली गेला तर लाकूड ओलं आहे किंवा हवा अडली आहे, ३००च्या वर गेला तर उष्णता वाया जाते आहे. टाकीच्या तळाचं पाणी ७० अंश झालं की आणखी लाकूड घालायचं नाही, उरलेले निखारे टाकी उष्णतेने भरून काढतात. अडीच तासांत काम संपतं. रात्री भट्टी विझलेली असते.

परिणाम

पुढच्या पावसाळ्यात जुलै आणि ऑगस्ट मिळून टीच्या टोपीतून मगभर कोरडी, करडी-तपकिरी भुकटी निघाली. चिमणीच्या आतला थर एक मिलिमीटरहून कमी, ब्रशच्या एका फेरीत जाणारा. भिंतीवर ओघळ नाही. लाकूड ११० किलोवरून सरासरी ४५वर आलं. आधी जळणातल्या उष्णतेचा जेमतेम पाचवा हिस्सा पाण्यात उतरत होता, आता चाळीस टक्क्यांच्या आसपास. रात्री मुलांच्या खोल्यांत येणारा धूर थांबला, आणि खरं तर ही गोष्ट यादीत सर्वांत वर असायला हवी होती. धुमसत्या आगीच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो, झोपलेल्या मुलांना तो कळत नाही. पहिल्या मजल्यावर त्याचे दोन अलार्मही बसवले आहेत.

सगळं सुटलेलं नाही. डिसेंबर-जानेवारीत गार पाणी १८ अंशांवर येतं, दिवसाची गरज ७५,०००ला पोचते आणि पहाटे एक छोटी पेटवण करावी लागते. ती घाईत होते, तेव्हा व्हॉल्व्ह असूनही पहिली पंधरा-वीस मिनिटं धूर दाट असतो. सुट्टीत मुलं निम्मी असली की टाकी लवकर भरते आणि भर घातलेलं लाकूड धुमसत राहतं. त्यावर उपाय म्हणजे त्या दिवशी दोनच भरी, आणि तो पाळला जातोच असं नाही. जॅकेटच्या वरच्या कोपऱ्यात, विटांच्या वर, अजून थोडा चकाकता थर आहे. तिथे धूर वळतो आणि भिंत सर्वांत थंड असते. तो महिन्यातून एकदा, भट्टी पूर्ण गार झाल्यावर खरवडतात. गार असताना तो ठिसूळ होऊन सुटतो, कोमट असताना पत्र्याला चिकटून ताणला जातो.

वेगळं काय करता आलं असतं

गरजेचा हिशेब भट्टी घेण्याआधी मांडला असता तर २५,००० ते ३०,००० किलोकॅलरीची भट्टी आणि साठवण टाकी एकाच वेळी घेतली गेली असती. "मोठी घ्या, कमी पडायला नको" हा सल्ला लाकडाच्या भट्टीला लागू पडत नाही. गरजेपेक्षा मोठी भट्टी बहुतेक वेळ अर्धवट जळते.

जुलैतला घाम हा पहिला इशारा होता. जॅकेट फुटलेलं नाही हे कळल्यावर त्याच दिवशी एक ओंडका फोडून ओलावा मोजला असता आणि चिमणीचं तापमान पाहिलं असतं, तर पुढचे दोन महिने आणि ती आगही टळली असती. ओढ कमी आहे म्हणून चिमणी वाढवण्याचा निर्णय मोजमाप न करता घेतला गेला. उघड्या साध्या पाइपाची लांबी वाढली की धूर आणखी गार होतो. पावसात भिजणारे ते तीन मीटर म्हणजे डांबर जमायला जास्तीची जागा. आडवा पाइप आतून बुजत चालला होता, ओढ कमी पडली ती त्यामुळे.

मामांना दोष देण्याचा सूर काही बैठकांत निघाला. तो अन्यायाचा होता. रात्रभर पाणी गरम हवं आणि साठवायला टाकी नाही, अशा परिस्थितीत त्यांनी दुसरं काय करायला हवं होतं याचं उत्तर कुणाकडे नव्हतं. पद्धत बदलली ती टाकी आल्यावर, आणि चिमणीतला आकडा त्यांना स्वतःला दिसू लागल्यावर. आता दुपारी आकडा १५०च्या खाली घसरला की ते आधी ढलपी फोडून मीटर लावतात. वखारीचा टेम्पो आला की उतरवण्याआधी तीन वेगवेगळ्या थरांतला एकेक तुकडा फोडून बघतात. आतला आकडा २५च्या वर असेल तर ते लाकूड पुढच्या वर्षाच्या राशीला जातं, भट्टीकडे नाही.

येत्या उन्हाळ्यात टाकीच्या त्या दोन सॉकेटना सोलर जोडायचं ठरलं आहे. मग कोरड्या आठ महिन्यांत भट्टी बहुतेक बंद राहील आणि तेवढ्या दिवसांत तिचं दार उघडं ठेवून, चिमणीच्या माथ्यावर झाकण घालून, आतला पत्रा कोरडा ठेवावा लागेल. बंद भट्टीत राहिलेली ओली राख आणि काजळी जळत्या भट्टीपेक्षा लवकर लोखंड खाते, म्हणून शेवटच्या पेटवणीनंतर राख पूर्ण काढून आतून खरवडणं आणि तेलाचा हलका हात देणं हे काम आत्ताच पाटीवर लिहून ठेवलं आहे.